दोन मोबाइल, एक अ‍ॅम्प्लिफायर: पत्र्याच्या डब्यातला मिक्सर

पिंपळनेरहून बोलतोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "भो, दोन मोबाइल एकाच अ‍ॅम्प्लिफायरला लावायचेत, पण मिक्सर घ्यायला पैसे नाहीत. काय करू?" एका मोबाइलवर गाण्याचा ट्रॅक, दुसऱ्यावर निवेदन. शाळेचं गॅदरिंग असो, लग्न असो की सप्ताह, गरज तीच. तर आजचा भाग यावर. चार रेझिस्टर, तीन पिना आणि एक पत्र्याचा डबा. बॅटरी नाही, अ‍ॅडॅप्टर नाही. याला पॅसिव्ह मिक्सर म्हणतात.

आधी एक सोपा वाटणारा रस्ता बंद करू. बाजारात एक पिन आणि दोन सॉकेटची वायर मिळते. ती उलटी वापरून दोन मोबाइल थेट जोडायचे, असं पुष्कळ जण करतात. हे करू नका. आपल्या पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीचं पाणी ज्यांनी पाहिलंय, त्यांना लगेच कळेल. दोन चाऱ्या एका पाटात सोडल्या आणि मध्ये दार नसलं, तर एकीचं पाणी दुसरीत उलटं चढतं. मोबाइलचंही तसंच. एकाचा सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरकडे जायचं सोडून दुसऱ्या मोबाइलच्या आउटपुटमध्ये घुसतो. आवाज दबतो, फाटतो, आणि मोबाइलच्या आतल्या भागावर नसता ताण येतो. प्रत्येक चारीला स्वतःचं दार हवं. ते दार म्हणजे रेझिस्टर.

रेझिस्टर 10 किलोओहमचे घ्या. रंग ओळखा: तपकिरी, काळा, नारिंगी. पिन घेताना दोन काळ्या पट्ट्यांची साडेतीन एमएमची घ्या. तीन पट्ट्यांची माइकवाली असते, ती नको. ज्या मोबाइलला गोल सॉकेटच नाही, त्याला टाइप-सीचा अ‍ॅडॅप्टर लागेल.

आता जोडणी. पिनेचं टोक म्हणजे डावा आवाज, मधली रिंग म्हणजे उजवा, मुळाशी ग्राउंड. दोन मोबाइलचे मिळून चार आवाज झाले. प्रत्येकाच्या वाटेत एक रेझिस्टर. चारही रेझिस्टरची दुसरी टोकं एका जागी जोडून सोल्डर मारा. तिथून अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटकडे जाणाऱ्या वायरची मधली तार. सगळे ग्राउंड एकत्र करा आणि डब्याच्या पत्र्याला जोडा. त्या जागचा रंग आधी खरवडून घ्या. बाहेर जाणारी वायर शिल्डेड हवी आणि दोन-तीन मीटरच्या आत.

आवाज कमी येईल, ते ठरलेलंच आहे. चार वाटा एकत्र आल्या की प्रत्येकीचा सिग्नल साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. अ‍ॅम्प्लिफायरचा व्हॉल्यूम थोडा वाढवा, झालं. पण माइक या डब्यात लावू नका. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, मोबाइलपुढे तो मुंगीएवढा. माइकची जागा अ‍ॅम्प्लिफायरच्या माइक इनपुटमध्येच.

लावण्याआधी मल्टीमीटर धरा. सगळं सुटं असताना पिनेच्या टोकापासून आउटपुटच्या मधल्या तारेपर्यंत 10 के दाखवलं पाहिजे. त्याच पिनेच्या टोकापासून रिंगपर्यंत 20 के. आउटपुटची मधली तार आणि ग्राउंड यांच्यात काहीच दाखवायला नको. तिथे शून्य आलं, तर सोल्डरचा थेंब किंवा तारेचा केस कुठेतरी चिकटलाय. आणि हो, डब्याला हेडफोन लावून तपासू नका. एवढ्या रेझिस्टरमागून हेडफोन चालत नाही. डबा चांगला असून बिघडला वाटेल.

आता बिघाड ओळखू. पहिला: तुम्ही हौसेनं व्हॉल्यूमचे पॉट बसवले, आणि एक शून्यावर नेला की दुसऱ्याचाही आवाज जातो. म्हणजे रेझिस्टर पॉटच्या आधी लागलाय किंवा लागलाच नाही. तो पॉटच्या मधल्या पायानंतर हवा.

दुसरा: एक मोबाइल काढला की दुसरा एकदम मोठा होतो, वर खरखरही येते. हा बिघाड नाही. मोकळी वाट सिग्नल खेचत नाही म्हणून आवाज वाढतो, आणि लोंबणारी वायर हवेतला घूं आवाज पकडते. कार्यक्रम संपेपर्यंत पिन काढू नका, गाणं थांबवा.

तिसरा फार गमतीचा: वाद्यं ऐकू येतात, पण गायक गायब! मोबाइलची स्टिरिओ वायर मोठ्या मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये गेली की असं होतं. ते इनपुट डाव्यातून उजवा वजा करतं, आणि गायक दोन्हीकडे सारखा असल्यानं तोच वजा होतो. आपल्या डब्यात बेरीज होते, म्हणून गायक शाबूत राहतो. फक्त बाहेरची पिन मोनो, म्हणजे एकाच पट्टीची लावा.

चौथा बिघाड म्हणजे सतत घूं घूं. इथे नीट ऐका. लॅपटॉप चार्जरवर असेल तर चार्जर काढून बघा. आवाज थांबला, तर तो ग्राउंड लूप आहे: लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन वाटांनी अर्थला जोडले गेलेत आणि त्या फेऱ्यात 50 हर्ट्झ घुसलाय. उपाय तीन. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. दोन्ही प्लग एकाच बोर्डात घ्या. नाहीतर मध्ये छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

पण मंडपात चौथा उपाय सर्रास चालतो: अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकायची. घूं थांबतो, सगळे खूश. ती पिन म्हणजे अर्थ. आत एखादी वायर बॉडीला टेकली, तर 230 व्होल्ट त्याच वाटेनं जमिनीत जाऊन फ्यूज उडायला हवा. वाटच तोडली, तर बॉडीत वीज उभी राहते. माइकची जाळी त्याच बॉडीला जोडलेली असते, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला गाणारा तो माइक ओठाला लावतो. मग वीज त्याच्यातून जाते. घूं आवाजानं कोणी मरत नाही, अर्थ काढल्यानं मरतो. मंडपात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवायला सांगा. वायरमन कुरकुरला तरी सांगा.

अजून एक. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची भोंग्याची टर्मिनलं आपल्या डब्याला कधीच जोडू नका. भोंग्याच्या लाइनवर 100 व्होल्टपर्यंत जातं. डबा आणि मोबाइल दोन्ही जातील.

डबा बनवलात तर आतला फोटो पाठवा. काही अडलं, तर मल्टीमीटरचे तिन्ही आकडे सोबत लिहा, म्हणजे बिघाड इथे बसून सांगता येईल. आणि तुमच्या मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग एकदा हातात घेऊन बघा, तिसरी पिन जागेवर आहे का. नसेल, तर मिक्सर नंतर, आधी प्लग बदला. भेटू पुढच्या भागात. राम राम!