हातातून वाटी निसटते तेव्हा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी मराठी सातवी शिकलेली बाई. आजारावर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा, माझा नव्हे. परंतु गेल्या तीन वर्षांत आमच्या घरी जे घडले ते चारचौघींना सांगावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

आमच्या सासूबाईंचे वय आज 68. त्यांचा गजरा तुम्ही सर्वांनी माळलेला आहे. दुखण्याची सुरुवात त्या गजऱ्यापासूनच झाली. सुईत दोरा जाईना. मग पोलक्याचे हूक लागेनात, फोडणीला मोहरी चिमटीत येईना, धरलेली वाटी हातातून निसटू लागली. एकदा आमटीची वाटी पडली तेव्हा मी रागाने म्हणाले, "आई, लक्ष कुठे असतं तुमचं?" त्या काही बोलल्या नाहीत, फडके घेऊन पुसू लागल्या. ते शब्द मला आजही टोचतात.

पुढे चालणे बिघडले. भिंतीला हात लावून चालू लागल्या. एके दिवशी देवळातून परतल्या तर एका पायात चप्पल होती, दुसरी वाटेत कुठे निघाली याचा त्यांना पत्ताही नव्हता! आम्ही म्हटले, वात असेल, गुडघे असतील. तेल चोळले, शेक दिला. कोणीतरी मानेला हिसका देणारा माणूस आणतो म्हणाले, तेवढे मात्र ह्यांनी होऊ दिले नाही. तो हिसका भलताच महागात पडला असता, हे आम्हाला नंतर कळले. मानेकडे कोणाचे लक्षच गेले नाही, कारण मान मुळी दुखतच नव्हती. असे दीड वर्ष गेले.

शेवटी एका डॉक्टरांनी सासूबाईंना मूठ भराभर मिटायला आणि उघडायला सांगितले व घड्याळ लावले. धडधाकट माणसाच्या 10 सेकंदांत 20 मुठी होतात. सासूबाईंच्या 9 झाल्या. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय ताडकन उडाला. डॉक्टर म्हणाले, "दोष मानेत आहे. एम. आर. आय. करा." आम्ही चकित! दुखणे हातापायांचे आणि चित्र मानेचे?

त्याचे असे आहे. मानेत 7 मणके एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. जाडीला साधारण करंगळीएवढा. हातापायांना मेंदूचे हुकूम जातात ते त्याच्यातूनच. वय झाले की मणक्यांमधल्या गाद्या झिजून मागे सरकतात, हाडाला टोके फुटतात आणि ती पोकळी अरुंद होते. साध्या क्ष-किरणांच्या फोटोत हाड दिसते, रज्जू दिसत नाही. तो दिसतो एम. आर. आय.मध्ये. त्यात क्ष-किरण नसतात. जबरदस्त लोहचुंबक आणि रेडिओच्या लहरी यांच्या योगाने शरीरातल्या पाण्यावरून चित्र काढतात. या शोधाबद्दल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना 2003 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

चुंबक असल्यामुळे अंगावर धातू चालत नाही. पाटल्या, चमकी, आकडे, साडीची पिन सगळे उतरवले. जोडवी साबण लावून काढली. मंगळसूत्रापाशी मात्र सासूबाई अडल्या. मामंजी हयात असताना गळा मोकळा ठेवायचा? तासभर खोळंबा. अखेर मी दोऱ्यात हळकुंड ओवून त्यांच्या गळ्यात बांधले तेव्हा त्या आत गेल्या. तुमच्यापैकी कोणाला जावे लागले तर दोरा घरूनच न्या. हृदयाला यंत्र बसवले असेल किंवा शरीरात कोठेही धातू असेल तर ते आधीच सांगावे. आत अर्धा तास हलायचे नाही, आणि खडखडाट इतका की कानात बोळे देतात.

डॉक्टरांनी ते चित्र उजेडावर धरून आम्हाला दाखवले. रज्जूच्या भोवती पाणी असते, ते पांढरे दिसते. दोन ठिकाणी ते पांढरे नाहीसेच झाले होते आणि रबरी नळीवर पाय पडावा तसा रज्जू चेपला होता. चेपल्या जागी रज्जूच्या आतही एक पांढरा डाग होता. डाग म्हणजे रज्जूला इजा पोचल्याची खूण. दाब किती ठिकाणी आहे आणि कोणत्या बाजूने आहे, यावरून शस्त्रक्रिया गळ्याच्या बाजूने करायची की मानेमागून, हे बरेचसे ठरते. सासूबाईंची पुढून झाली. गाद्या काढून टायटॅनियमची पट्टी व स्क्रू बसवले.

येथे एक सांगते. उतारवयात पुष्कळांच्या चित्रात थोडाफार दाब दिसतो आणि त्यांना त्रास काहीच नसतो. नुसता कागद वाचून घाबरू नये. डॉक्टर माणूस आणि चित्र शेजारी ठेवून पाहतात.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते की, हे आणखी बिघडू नये म्हणून करायचे, गेलेले सगळे परत येईलच असे नाही. सासूबाई म्हणाल्या, "अंथरुणाला खिळायचं नाही मला, करा." त्या रात्री परिचारिका पुन्हा पुन्हा येऊन बोटे हलवायला लावीत. मी एकीवर चिडलेसुद्धा. तिने समजावले की, आत रक्त साठून रज्जू दाबला गेला तर हातपाय लुळे पडू लागतात, मग ताबडतोब पुन्हा एम. आर. आय. करावा लागतो. आमच्यावर ती वेळ आली नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढले. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, परंतु त्याच्या आसपासचे चित्र जरा फिसकटते. तरी रज्जूभोवतीचे पांढरे पाणी परत दिसले. आतला डाग मात्र तसाच होता. सासूबाईंनी विचारले, "चित्र चांगलं आलं, मग माझी बोटं का नाही येत?" डॉक्टर म्हणाले, "दाब निघाला, आजी. पण दाबाखाली जे तंतू आधीच मेले ते जिवंत होत नाहीत. तुम्ही लवकर आला असता तर..." पुढचे त्यांनी पुरे केले नाही. मी खाली पाहत राहिले.

आज त्यांच्या 14 मुठी होतात. भिंत सुटली, देवळात एकट्या जातात. बोटांचा बधिरपणा आहे. गजरा ओवता येत नाही, फुले तेवढी निवडतात.

दोन्ही वेळची चित्रे मी पिशवीतून आणली आहेत. पहिले जपून ठेवावे, दुसऱ्याच्या वेळी डॉक्टर तेच आधी मागतात. चहानंतर ज्यांना पाहायची असतील त्यांनी या. मुठी मोजून पाहायच्या असतील तर सेकंदकाट्याचे घड्याळही आहे. सासूबाई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, त्या मोजायला तयार आहेत.