हृदयपेशींची द्वारे

पुण्याच्या ससून रुग्णालयात मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहणाऱ्या विद्यार्थ्याला जेव्हा ठोक्यांचा कसलाच हिशेब लागत नाही, एक जोरकस, दुसरा क्षीण, तिसरा मुळी बेपत्ता, तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, कंपन माजल्याची शंका त्याला प्रथम येते. निरोगी अलिंदातील पेशी कनेक्सिन नामक प्रथिनांनी जोडलेल्या असतात. सहा कनेक्सिनांचे एक अर्धद्वार, शेजारच्या पेशीचे तसेच दुसरे, आणि दोहोंच्या मिलाफातून विद्युत्‌भारित कण पार होऊन ठोक्याचा हुकूम सर्वत्र शिस्तीने पोहोचतो. कनेक्सिन 40 आणि 43 यांची ही द्वारे घटली, किंवा पेशींच्या टोकांवरील आपली जागा सोडून कडेला सरकली, की लहर मंदावते, वळून परत फिरते, आणि अलिंद मिनिटाला 350 ते 600 वेळा नुसते थरथरते. 2006 साली कॅनडातील संशोधकांना काही रुग्णांच्या अलिंदातच, रक्तात नव्हे, कनेक्सिन 40 च्या जनुकाचा दोष आढळला. हा शोध मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे मात्र सांधेज्वराने झडप आकसून अलिंद फुगल्यामुळेही हा विकार ऐन तारुण्यात जडतो. अलिंदात साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. म्हणून नाडी अनियमित भासताच विनाविलंब कार्डिओग्राम काढून घ्यावा, ही आपणांस आग्रहाची विनंती.