जप्तीचा हुकूम दारात आला असता
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात देवळाली कॅम्प येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘दंड आणि जप्ती’ असे म्हणताच ते किंचित हसले. जेथे विद्यार्थ्यांचे सत्कार व्हावयाचे, वधूवरांच्या ओळखी व्हावयाच्या, तेथे हा अमंगळ विषय कशाला, असे त्यांच्या मनात आले असावे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्यापैकीच तीन-चार घरी न्यायालयाचा कागद घेऊन माणसे आली आणि प्रत्येक वेळी घरच्यांनी जे करू नये तेच प्रथम केले. आम्ही मॅट्रिक झालेले शाळामास्तर; कायद्याचे पंडित नव्हे. जे सांगणार आहोत ते ज्ञातीतील एका वकिलांपाशी बसून समजून घेतलेले आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी येथे किराणा मालाचे छोटे दुकान चालवितो. घाऊक व्यापाऱ्यास दिलेला त्याचा चेक वटला नाही. खटला झाला, दंड झाला, त्या दंडातून व्यापाऱ्यास नुकसानभरपाई देण्याचा हुकूम झाला, आणि दंड न दिल्यास दोन महिने कैद. पैसे जवळ नव्हते. तो सिन्नरास मेहुण्याकडे जाऊन राहिला. काही दिवसांनी पोलीस वॉरंट घेऊन दारात उभे. त्याची पत्नी रडत आमच्याकडे आली, “गुरुजी, माझी शिलाई मशीन नेतात हो!”

आम्ही गेलो. शिपाई सभ्य होता. त्याने वॉरंट वाचू दिले. दंड झालेल्या इसमाची जंगम मालमत्ता जप्त करावी, ठरलेल्या मुदतीत रक्कम न आल्यास ती विकावी, असा त्याचा आशय होता. ‘दंड झालेल्या इसमाची’ हे शब्द आम्ही दोनदा वाचले. मशीन त्या बाईंनी भिशीच्या पैशातून घेतलेली. पावती त्यांच्याच नावाची, आणि सुदैवाने ती डब्यात जपून ठेवलेली. पावती दाखविताच मशीन राहिली. दुकानातला फ्रीज मात्र पंचनाम्यात गेला आणि पंच म्हणून आम्हांसच सही करावी लागली. आपल्याच विद्यार्थ्याच्या जप्तीवर सही करताना हात जड झाला, हे लपवीत नाही.

त्याच संध्याकाळी एक गृहस्थ ‘दहा हजार द्या, वॉरंट परस्पर मिटवून देतो’ असे म्हणत आले. त्यांस आम्ही चहा न देताच वाटेला लावले. दंडाची रक्कम न्यायालयात भरावयाची आणि पावती घ्यावयाची. तिसरा मार्ग नाही. हल्ली तर फोनवरूनच अटकेचा धाक घालून पैसे उकळणारे निघाले आहेत. त्यांच्याशी बोलूच नये.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थी परतला आणि म्हणाला, “गुरुजी, मी दोन महिने बसून येतो, म्हणजे सगळं फिटलं.” हा समज आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. पूर्ण कैद भोगल्यावर एरवी न्यायालयाने विशेष कारण लेखी नोंदविल्याशिवाय वसुलीचे वॉरंट निघत नाही, हे खरे. परंतु दंडातून नुकसानभरपाई द्यावयाची असेल तेथे ही सवलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली हेच स्पष्ट केले. म्हणजे हा मनुष्य दोन महिने बसून आला असता आणि पोलीस पुन्हा त्याच दारात उभे राहिले असते. सहा वर्षांपर्यंत दंडाची वसुली होऊ शकते. मनुष्य मेला तरी त्याच्या मागे राहिलेली, कर्जास बांधील असणारी मालमत्ता सुटत नाही. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला.

आता बेलिफाविषयी. दिवाणी दाव्यात हुकूमनामा झाला आणि पैसे दिले नाहीत तर जो येतो तो बेलिफ. फौजदारी दंडासाठी येणारे पोलीस निराळे. दोघांची गल्लत झाल्याने लोक घाबरतात. बेलिफास सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घरात शिरता येत नाही. अंगावरचे व नेसावयाचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीने स्त्रीला उतरविता न येणारा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे यांस त्याला हात लावता येत नाही. सरकारी पेन्शनही जप्त होत नाही. येथे बसलेल्या आमच्यासारख्या निवृत्तांनी हे लक्षात ठेवावे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीस अटक होत नाही. मात्र सावकारास परस्पर पैसे दिले असतील तर त्याची नोंद न्यायालयात करून घ्यावी. नोंद नसेल तर बजावणी करणारे न्यायालय ते पैसे जमेस धरीत नाही.

‘जप्ती’ या शब्दाचा धाक आपल्या भागात जुना आहे. भगूर येथून हाकेच्या अंतरावर. तेथील बाबाराव सावरकरांना 1909 साली, आणि त्यांचे बंधू विनायकराव यांना 1910 साली, जन्मठेपेबरोबरच मालमत्ता सरकारजमा करण्याची शिक्षा झाली होती. अशी सरसकट जप्तीची शिक्षा दंडसंहितेतून 1921 सालीच काढून टाकण्यात आली. आज जप्ती होते ती ठराविक रकमेपुरती. म्हणून कागद हाती आला की रक्कम किती, न्यायालय कोणते, खटल्याचा क्रमांक काय, एवढे प्रथम उतरून घ्यावे.

आमच्या विद्यार्थ्याने वकिलामार्फत अर्ज केला. केवळ दंडाची शिक्षा असेल तर न्यायालयास तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देता येतात. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली, तीतही ही तरतूद आहे. हे तो निकालाच्याच दिवशी मागू शकला असता. पण त्याला कोणी सांगितले नाही, आणि त्याने कोणास विचारले नाही. न्यायालयाने तीन हप्ते बांधून दिले. पहिल्यासाठी पत्नीने भिशी उचलली, दुसऱ्यासाठी मेहुणा धावला, तिसरा त्याने स्वतः दुकानातून काढला. फ्रीज परत आला. त्याचे दार नीट लागत नाही, अशी त्याची तक्रार आहे. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी तो थेट आमच्या घरी आला. आम्ही चष्मा लावून पावतीवरची तारीख व शिक्का तपासला आणि ती मशीनच्या पावतीबरोबर त्याच डब्यात ठेवावयास सांगितले.