वाचकाचा शेरा आणि ग्रंथपालाची रुजुवात



जुन्या ग्रंथसंग्रहालयांत बसून ज्यांनी वाचन केले आहे, त्यांनी पुस्तकाच्या समासात कोणा अज्ञात वाचकाने पेन्सिलीने केलेले शेरे पाहिले असतीलच. हे साल चुकले आहे, हे गृहस्थ अमुक गावचे, अशा त्या शेऱ्यांपैकी कित्येक खरे असत. परंतु ते खरे असूनही सूचीकाराला वा संशोधकाला त्यांचा उपयोग होत नसे, कारण पुस्तक देणे आणि परत घेणे यापलीकडे वाचकाशी ग्रंथालयाचा व्यवहार नव्हता आणि त्याच्या ज्ञानाला दफ्तरात खाते नव्हते. इंटरनेटवरील सहभागी साधनांनी जो मूलगामी पालट घडविला तो माझ्या मते हाच, की त्या शेऱ्याला आता दफ्तरी जागा मिळू लागली आहे. ती कोणत्या शर्तीवर द्यावी, हा माझा आजचा विषय आहे.

जानेवारी 2008 मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहातील सुमारे 3,000 छायाचित्रे ‘फ्लिकर’ या संकेतस्थळावर ठेवून पाहणाऱ्यांस त्यांवर माहिती लिहिण्याची मुभा दिली. त्यांतील पुष्कळशी न्यूयॉर्कच्या बेन न्यूज सर्व्हिस या वृत्तसंस्थेची, विसाव्या शतकाच्या आरंभीची होती. निगेटिव्हवर खरडलेल्या एखाद्या नावापलीकडे त्यांतील कित्येकांची माहिती ग्रंथालयापाशीही नव्हती. लोकांनी जुनी वृत्तपत्रे धुंडाळून नावे, स्थळे, तारखा पुरविल्या, कर्मचाऱ्यांनी त्या पडताळल्या, आणि वर्ष उलटण्यापूर्वीच मूळ सूचीतील 500 हून अधिक नोंदी सुधारल्या गेल्या.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्या जुन्या वृत्तपत्रांचा यंत्राने वाचलेला मजकूर वाचकांसमोर दुरुस्तीसाठी खुला केला. हाच उपक्रम पुढे ‘ट्रोव्ह’ या नावाच्या भांडारात समाविष्ट झाला. येथे नाव नोंदविल्यावाचूनही ओळ दुरुस्त करता येते, आणि पूर्वमंजुरीसाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. एवढी मोकळीक ज्यांना धाडसाची वाटेल त्यांनी तिची रचना पाहावी: मूळ पानाची प्रतिमा मजकुराच्या शेजारीच असते आणि दुरुस्तीपूर्वीचा पाठ नष्ट केला जात नाही. पुरावाच समोर असल्यामुळे साक्षीदाराचे नाव गौण ठरते. छायाचित्रातील इसम कोण, या प्रश्नाचे तसे नाही. त्याचे उत्तर चित्राबाहेरून आणावे लागते, आणि तेथे दाखल्यावाचून शेरा ग्राह्य धरता कामा नये. पानावर जे छापले आहे ते वाचणे आणि पानाबाहेरचे ज्ञान त्याला जोडणे, ही दोन भिन्न कामे आहेत. त्यांचा घोटाळा झाला की सहभागाचे रूपांतर गावगप्पांत होण्यास वेळ लागत नाही.

हा भेद आपल्या भाषेच्या बाबतीत किती नाजूक आहे, हे मराठी विकिस्रोतावर काम करणाऱ्यास पहिल्या दिवशीच कळते. स्वामित्वहक्काची मुदत संपलेले ग्रंथ तेथे पानापानाने उतरविले जातात, आणि एकाने मुद्रितशोधन केलेले पान दुसऱ्याने प्रमाणित केल्याखेरीज पूर्ण मानले जात नाही. आता एकोणिसाव्या शतकातील पुस्तक घ्या. ‘त्यानें’, ‘मुलें’, ‘तें घर’ यांतील अनुस्वार यंत्र कधी गाळते, कधी ठेवते. आणि 1962 च्या शुद्धलेखन नियमांवर पोसलेला तरुण, सद्भावनेनेच, उरलेलेही पुसून टाकतो, कारण त्याला ती चूक वाटते. वस्तुतः तो अनुस्वार त्या काळच्या व्याकरणाचा अवशेष आहे. तो गेला की नपुंसकलिंगाची आणि तृतीयेची खूण गेली, आणि भाषेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याचे साधनच बिघडले. मुद्रकाची उघड चूकसुद्धा पाठात तशीच राहू द्यावी आणि खुलासा वेगळा लिहावा, या मताचा मी आहे. तेथे तडजोड मला मान्य नाही. वाचकाच्या उत्साहाला शिस्त लावणे हे उत्साह मारणे नव्हे. उलट तरुणाला त्या अनुस्वाराचे प्रयोजन समजावून सांगणारा ग्रंथपाल त्याला आयुष्यभराचा सहकारी करून ठेवतो.

म्हणून ग्रंथपालाचे काम आता संपले, हे म्हणणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते. रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील पाचव्यात ग्रंथालयाला वर्धिष्णु म्हटले आहे. ती वाढ आता वाचकाच्या हातूनही होत असल्यामुळे ती तपासून घेणारा माणूस पूर्वीपेक्षा अधिक लागणार आहे.

आपल्या तालुक्यांच्या गावी वाचनालयांतून स्थानिक साप्ताहिकांचे बांधीव अंक पडून आहेत, आणि त्यांतील माणसे, वाडे, खटले ओळखणारे वृद्ध सभासदही अद्याप हयात आहेत. त्या अंकांच्या प्रतिमा घेऊन सभासदांना पाठशोधनास बसवावे. त्यांच्या आठवणी स्वतंत्र स्तंभात, सांगणाऱ्याच्या संमतीने व नावानिशी, नोंदवाव्यात. आणि दाखला मिळेपर्यंत त्या सूचीत घेऊ नयेत. या रुजुवातीला वेळ आणि पगार लागतो. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदानासाठी वाचनालयांची वर्गवारी करताना ग्रंथसंख्या मोजली जाते. तिच्या जोडीस शोधून प्रमाणित केलेल्या पानांचीही गणना व्हावी, अशी मागणी या सभेने ठराव करून ग्रंथालय संचालनालयाकडे पाठवावी, ही माझी विनंती आहे.