तयारी पुरी होईपर्यंत

अठ्ठावीस वर्षं मी एका शाळेच्या कार्यालयात कारकुनी केली. दाखले, पगारपत्रकं, फीच्या पावत्या यांत दिवस जायचा. घरी पेटी होती. आळीतलं भजनी मंडळ दर एकादशीला बोलवायचं आणि मी सांगायचो, ‘अजून हात बसला नाही. तयारी झाली की येतो.’ निवृत्त झालो, तरी ती तयारी काही झाली नाही. म्हणूनच जपानमधल्या एका शाळेतल्या कारकुनाची हकिकत वाचली, तेव्हा ती मला लागली.

युकी कावाउची त्याचं नाव. टोकियोला लागून असलेल्या सैतामा प्रांतात तो सरकारी नोकर होता, आणि मॅरेथॉन धावायचा. मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर. जपानमधले बहुतेक नामवंत धावपटू मोठ्या कंपन्यांच्या संघांत असतात. प्रशिक्षक, सराव शिबिरं, सगळं हाताशी. तरी ते वर्षातून एक-दोनच मॅरेथॉन धावतात. बाकीचे दिवस शरीर जपतात. कावाउचीची नोकरी दुपारपासून रात्रीपर्यंत. सराव सकाळी, एकट्यानं. सोबतीला कुणी नसताना अंगातला जोर निघणार कसा? त्यानं साधा तोडगा काढला. सुट्टीच्या दिवशी शर्यतीतच उतरायचं. शर्यत हाच सराव! 2013 या एका वर्षात तो 11 मॅरेथॉन धावला.

2011 च्या टोकियो मॅरेथॉनमध्ये तो तिसरा आला, जपान्यांत पहिला. पुढच्याच वर्षी तिथंच चौदावा आला, ऑलिंपिकची संधी हुकली, तेव्हा चाहत्यांची माफी म्हणून त्यानं डोक्याचा गोटा केला. इतकं धावून हा लवकर संपणार, असं जाणकार म्हणत. पण 16 एप्रिल 2018 रोजी बोस्टनमध्ये गारठवणारा पाऊस आणि समोरून वारा होता. भलेभले शर्यत सोडून बाजूला झाले. कावाउचीनं शेवटच्या टप्प्यात गतविजेत्या जेफ्री किरुईला गाठलं आणि 2 तास 15 मिनिटं 58 सेकंदांत शर्यत जिंकली. 1987 नंतर तिथं जिंकलेला तो पहिला जपानी पुरुष.

2019 मध्ये नोकरी सोडून तो पूर्णवेळ धावू लागला. त्याची सर्वोत्तम वेळ, 2 तास 7 मिनिटं 27 सेकंद, आली 2021 मध्ये. चौतिशीच्या उंबरठ्यावर, आणि तोवर शंभराहून अधिक मॅरेथॉन पायांखालून गेल्यावर!

श्रोतेहो, हे वाचून कुणी दर महिन्याला मॅरेथॉन धावायला निघू नये. प्रत्येकाचे गुडघे वेगळे. मला त्याच्या पायांचा नाही, हिशेबाचा हेवा वाटला. पुरेसा वेळ मिळत नाही, ही माझी सबब होती. त्याचीही अडचण तीच होती. त्यानं तीतूनच वाट काढली.

गेल्या एकादशीला मी पेटी घेऊन मंडळात गेलो. दोन अभंगांत तीनदा सूर चुकला. टाळकरी हसले, पण थांबले नाहीत. निघताना बुवा एवढंच म्हणाले, ‘पुढच्या एकादशीला जरा लवकर या.’