थरथर सांगता, मग वागणं का लपवता?

कंपवाताच्या रुग्णाला घेऊन घरची मंडळी येतात, हाताची थरथर, अडखळती चाल सगळं बारकाईनं सांगतात. वागण्याचा विषय निघाला की मात्र गप्प. रात्री खोलीत मुलं दिसतात, चोर शिरल्याचा भास होतो, हे आम्हा डॉक्टरांना कळतच नाही. अहो, हे आधी सांगायचं!

जेम्स पार्किन्सननी 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असं लिहिलं. आज आपण जाणतो की उदासी, घालमेल, निरिच्छपणा, भास, संशय हीसुद्धा याच आजाराची लक्षणं आहेत. उदासी तर कधी थरथरीच्या कित्येक वर्षं आधी येते.

काही वागणं मात्र गोळ्यांमुळं बदलतं. अंधेरी-घाटकोपरच्या आपल्या सोसायट्या आठवा. सातव्या मजल्यावर पाणी येत नाही म्हणून पंपाचा जोर वाढवला, तर वर धार लागते. पण जिथं पाणी पुरेसं होतं, तिथला नळ फुटतो. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं तसंच. हालचालीच्या भागात ते आटलेलं, ओढ आणि आनंदाच्या भागात बऱ्यापैकी शिल्लक. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलसारख्या गोळ्यांनी चाल सुधारते, पण काहींना जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा, शरीरसुखाचा अनावर नाद लागतो. घरचे म्हणतात, "या वयात काय हे!" फुटलेल्या नळावर रागावून काय उपयोग? आणि प्लंबरपासून तो लपवून?

पंप मात्र स्वतः बंद करू नका. गोळ्या एकदम थांबवल्या तर अंग आखडून, ताप चढून जिवावर बेतू शकतं. भास अचानक वाढले तर लघवीचा जंतुसंसर्ग किंवा नवी गोळी कारण असू शकते, तेही तपासावं लागतं. भासांवर दुसरीकडे औषध घेताना कंपवात असल्याचं सांगा. हॅलोपेरिडॉलसारख्या भासांवरच्या औषधानं अंग आणखी आखडतं.

आणि काकू, आयुष्यभराच्या संसारानंतर नवरा तुमच्यावर संशय घेऊ लागला, तर तो अपमान एकटीनं गिळू नका. तो आजार बोलतोय. त्यावर उपचार आहेत. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचे मदतगट आहेत, तिथं तुमच्यासारख्याच बायका भेटतील.

पुन्हा सांगते. पुढच्या तपासणीला कागद न्या: काय दिसलं, कसे वागले, किती वाजता, गोळीनंतर किती वेळानं. लाजेखातर त्यातली एकही ओळ गाळू नका.