सातपुड्याच्या दरीतील एक दिवस

भोपाळातील मराठी माणसाला पावसाळा आला की सह्याद्री आठवतो. महाबळेश्वर, आंबोली ही नावे ओठांवर येतात आणि या पठारावर तसले ओले रान कोठले, असे म्हणून तो उसासा टाकतो. परंतु भोपाळहून सुमारे २०० किलोमीटरांवर, पिपरिया स्थानकापासून घाट चढून गेले की पचमढी लागते. तेथील दऱ्यांत एक दिवस काढला, तर ही समजूत टिकत नाही.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ होह नदीच्या खोऱ्यात समशीतोष्ण वर्षावन आहे. तेथे वर्षाकाठी सुमारे साडेतीन मीटर पाऊस पडतो आणि झाडे शेवाळाने लगडलेली असतात. पचमढीचे रान त्या जातीचे नव्हे. येथे पाऊस सुमारे दोन मीटर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात भोवतालचा साग निष्पर्ण होतो. मग दरीच्या तळाशी नेचे बाराही महिने हिरवे कसे राहतात?

उत्तर दगडात आहे. पचमढीचा वालुकाश्म पावसाचे पाणी पिऊन घेतो आणि ते महिनोन् महिने पाझरांवाटे थोडेथोडे सोडीत राहतो. उभे कडे ऊन अडवितात. वरच्या झाडांचे छत दमट हवा बाहेर जाऊ देत नाही. पाणी, भिंत आणि सावली या तिहींच्या आधारावर हे रान उभे आहे.

म्हणून सकाळी लवकर दरीत उतरावे. जटाशंकराच्या घळीत पायऱ्या उतरताना प्रत्येक वळणावर हवा गार होत जाते. इतर दऱ्यांत ओढ्याकाठी वृक्षनेचा दिसतो. ताडासारखे खोड आणि माथ्यावर छत्रीसारखी पाने. खडकांच्या फटीत सायलोटम नावाची एक विलक्षण वनस्पती आढळते. तिला खरी मुळे नाहीत, खरी पाने नाहीत. नुसत्या हिरव्या काड्या. दुपारी ओढ्याजवळ स्वस्थ बसावे. भीमाशंकरच्या रानात आपण जिला ओळखतो ती शेकरू येथेही फांद्यांवरून झेपावते.

सह्याद्रीचे जीव येथे कोठून आले? प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी असे अनुमान मांडले की, पूर्वेकडील ओल्या डोंगरांतील प्राणी सातपुड्याच्या वाटेने पश्चिम घाटात पोहोचले. या अनुमानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु अशा दऱ्या पाहिल्या की तो प्रश्न का सुचला असेल, हे ध्यानी येते.

मराठी माणसास ही भूमी परकी नाही. १८१८ साली राज्य गमावलेल्या नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांनी याच महादेवाच्या डोंगरांत गोंडांचा आश्रय घेतला. आजही विदर्भातील भाविक महाशिवरात्रीस चौरागडावर त्रिशूळ वाहतात आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची वाट चालतात. या वाटा ज्यांच्या पायांखालच्या आहेत, त्यांच्यावर या रानाची जबाबदारीही येते.

पचमढीचा प्रदेश १९९९ साली जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि २००९ साली युनेस्कोच्या जागतिक यादीत गेला. तथापि सरकारी सीमारेषेने दरीतली ओल राखली जात नाही. एक मोठे झाड पडले तरी तेवढ्या जागी ऊन तळाशी पोहोचते आणि तेथले नेचे करपू लागतात. त्यांना दुसरीकडे सरकावयास जागा नाही. दरीच्या बाहेर कोरडे रान आहे. हौसेने उपटून नेलेले रोप भोपाळच्या उन्हात, कुंडीत सहसा जगत नाही, आणि दरीतली त्याची जागा मात्र रिकामी होते.

तेव्हा जाताना वनखात्याची परवानगी घ्यावी, रुळलेली वाट सोडू नये आणि सोबत पिशवीऐवजी वही न्यावी. पानांची चित्रे काढावीत, पाझर कोठे आहेत ते टिपावे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जाऊन तेच पाझर वाहतात की नाही, एवढे पाहिले तरी त्या दिवसाचे सार्थक होईल.